संगणक एक, खाती वेगळी

पोखर्णीत, किंवा परभणीच्या आसपासच्या कुठल्याही गावात, घरात संगणक असला तर बहुधा एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. मुलगी त्यावर सीईटीचा अर्ज भरते, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रं चढवते. वडील सातबारा उतरवून घेतात, पीक विम्याची पावती जपून ठेवतात. धाकटा गेम टाकतो. पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला आलेले पाहुणे पेनड्राइव्ह लावून लग्नाचे फोटो देऊन जातात. हे सगळं एकाच खात्यावर चालतं. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. पासवर्ड ठेवलेला नसतो, कारण तो घरभर सांगत बसावा लागतो. आणि ते एकुलतं एक खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं, म्हणजे त्या संगणकात काहीही टाकण्याचा, काढण्याचा, बंद करण्याचा अधिकार असलेलं.

घरच्या संगणकाच्या तक्रारी मुख्यतः दोन. एक, व्हायरस आलाय. दुसरी, उघडतच नाही, पासवर्ड घेत नाही. दोन्हींवर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: फॉरमॅट मारा, नवीन विंडोज मारून देतो. मला हे पटत नाही. या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी त्या एकाच सामायिक खात्यातून निघतात, आणि ती गोष्ट न बदलता कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी तक्रार परत येते. म्हणून आधी खात्याबद्दल, मग बाकीचं.

आधी खाती वेगळी करा

आपण जो प्रोग्रॅम चालवतो त्याच्या हाती आपल्या खात्याचे अधिकार जातात. ॲडमिन खात्यावर एखादी फाइल संगणकात बदल करू लागली की विंडोज फक्त यस की नो एवढंच विचारते, आणि सवयीनं बोट यसवर जातं. स्टँडर्ड खात्यावर त्याच जागी ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. ज्या मुलाला तो माहीत नाही, त्याच्या हातून ती फाइल पुढं जात नाही. फरक एवढाच आहे, पण फार मोठा आहे.

मोठ्या कंपन्यांचाही घात याच ठिकाणी झालेला आहे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचं मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलं आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून आपल्या न्हावा शेवा बंदरापर्यंत आलं. जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनरच्या ट्रकांची कोंडी झाली. त्याआधी दीड महिनाच वॉनाक्राय या दुसऱ्या मालवेअरचा फटका जगाला बसला होता, त्यामुळं ज्या त्रुटीतून ते शिरलं तिच्यावरचा पॅच अनेकांनी घाईनं बसवून घेतला होता. तरीही नॉटपेट्या पुढं सरकत राहिलं, कारण ते एका संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे लॉगिन तपशील उचलायचं आणि तेच वापरून शेजारच्या संगणकात शिरायचं. पॅच होता, पण ॲडमिनचे अधिकार मोकळे पडले होते.

घरी काय करायचं ते सांगतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, तिथं नवीन खातं जोडा. विंडोज ईमेल मागेल. या माणसाची साइन इन माहिती माझ्याकडं नाही, हा पर्याय घेतला की पुढं मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय दिसतो. त्याला घरप्रमुख असं काहीही नाव द्या, पासवर्ड द्या, तीन सुरक्षा प्रश्न येतील त्यांची उत्तरं भरा, आणि चेंज अकाउंट टाइपमधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग साइन आउट करून या नव्या खात्यात एकदा पासवर्ड टाकून प्रत्यक्ष शिरून बघा. ही पायरी गाळू नका. शिरता येतंय अशी खात्री पटल्यावरच, त्या नव्या खात्यातून, तुमचं रोजचं जुनं खातं स्टँडर्ड करा. अशा क्रमानं केलं की जुन्या खात्यातले फोटो, फाइली, डेस्कटॉप सगळं जागच्या जागी राहतं आणि फक्त अधिकार कमी होतात. उलट्या क्रमानं करू गेलात तर घरात एकही वापरता येणारा ॲडमिन उरत नाही आणि कुलूप आपणच आपल्याला लावून घेतो.

मग घरातल्या प्रत्येकासाठी एक स्टँडर्ड खातं. मुलांचं वेगळं, पैशांच्या कामाचं वेगळं. एका स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉपमध्ये डोकावता येत नाही, म्हणून धाकट्यानं आणलेल्या गेममधून काही आलंच तर ते त्याच्या खात्यापुरतं अडकण्याची शक्यता वाढते. वडिलांच्या ब्राउझरमध्ये जतन झालेले पासवर्ड त्याच्या हाती लागत नाहीत.

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायची पद्धत आहे, कारण फॉरमॅट मारताना सी जातो आणि डी वाचतो. पण डी ड्राइव्ह सहसा सगळ्या खात्यांना उघडा असतो. खाती वेगळी केलीत आणि जमिनीचे कागद, बँकेची पासबुकं, लग्नाचा अल्बम डीवरच ठेवलात, तर वेगळेपणाचा उपयोग तेवढाच कमी झाला. अशा फाइली ज्याच्या त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये असाव्यात आणि त्यांची एक प्रत घरातल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. ती हार्ड डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क बॅकअप म्हणून धरू नये, कारण फाइलींना कुलूप लावणारं मालवेअर तिच्यापर्यंतही पोचतं.

स्टँडर्ड खात्यानं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. त्या खात्यात चाललेलं मालवेअर त्या खात्याच्या फाइली बिघडवू शकतं, त्यातले पासवर्ड चोरू शकतं. पण ते संगणकाच्या मुळाशी जाऊन बसत नाही आणि अँटिव्हायरस सहजी बंद करू शकत नाही. त्यामुळं नंतरची साफसफाई निम्म्यानं सोपी होते.

कुठून येतं

आपल्या भागात सगळ्यात जुनी वाट पेनड्राइव्हची. घरचा संगणक, झेरॉक्सचं दुकान, सेवा केंद्र, टायपिंगचा क्लास, परत घर. या फेरीत शॉर्टकटवाला व्हायरस अजूनही फिरतो. पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डरच्या जागी फोल्डरसारखंच चिन्ह दिसतं, फक्त डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. त्यावर डबल क्लिक करू नका. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेटची चौकट वाचा. तिथं तुमच्या फोल्डरचं नाव एकटं नसतं. सुरुवातीला सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट, मग कुठल्यातरी फाइलचं वेडंवाकडं नाव, आणि शेवटी तुमचा फोल्डर. म्हणजे डबल क्लिक केलं की आधी ती फाइल चालते आणि मग तुमचा फोल्डरही उघडतो, त्यामुळं काही घडलं असं वाटतच नाही.

यात फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स दाखवायला सांगा. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स या ओळीवरची खूण काढा. पुष्कळदा नावच नसलेला एक फोल्डर दिसतो आणि सगळं त्यात सापडतं. आपले फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली तेवढ्या उचला, बाणवाली चिन्हं आणि अनोळखी व्हीबीएस, ईएक्सई फाइली तिथंच सोडा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. मात्र संगणक आधी साफ झालेला असावा, नाहीतर कोरा पेनड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा तेच. प्रिंट काढायला जाताना पेनड्राइव्ह न नेता पीडीएफ ईमेलनं पाठवली तर ही फेरीच टळते. नेणं भागच असेल तर त्यावर फक्त प्रिंटची फाइल असू द्या, आयुष्यभराचे फोटो नकोत.

दुसरी वाट मराठी टायपिंगची, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शासनमान्य टायपिंग परीक्षेची तयारी करणारी मुलं गावोगावी आहेत. अर्ज, निवेदनं, पत्रिका मराठीत करायच्या असतात. मग विकतच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची क्रॅक प्रत कुठूनतरी आणली जाते. गूगल इनपुट टूल्सचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं रूप तर गूगलनं केव्हाच बंद केलं. आज ज्या साइटवरून ते उतरवलं जातं ती साइट गूगलची नसते आणि त्या फाइलसोबत आणखी काय आलं ते कळायला मार्ग नसतो. वास्तविक विंडोज 10 मध्ये 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड फुकट आलेला आहे आणि विंडोज 11 मध्येही तो आहे. सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये फोनेटिक कीबोर्ड घ्या. इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटतं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजी-मराठी बदलते. युनिकोडमधल्या अर्जांसाठी एवढं पुरतं.

तिसरी वाट फुकटच्या फोटोशॉपची, गेमची आणि विंडोजच्या ॲक्टिव्हेटरची. झिप फाइलला पासवर्ड दिलेला असतो, तो बाजूलाच लिहून ठेवलेला असतो आणि सोबत सूचना असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, त्यासाठीच ती व्यवस्था असते. अशी सूचना दिसली की तिथंच थांबा. दुसरं कुठलंही लक्षण शोधायची गरज नाही.

फाइलचं खरं रूप दिसावं म्हणून व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू ठेवा. हॉलतिकीट डॉट पीडीएफ असं नाव आणि त्याच्याही पुढं डॉट ईएक्सई असेल तर ते हॉलतिकीट नव्हे. पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावानं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइली फोनसाठीच्या असतात. त्या विंडोजवर चालत नाहीत, पण घरातल्या फोनवर चालतात आणि ओटीपी वाचतात. त्या कुणालाही पुढं पाठवू नका.

व्हायरस नसलेले व्हायरस

तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, अशी चौकट उजव्या कोपऱ्यात सारखी वर येते तेव्हा घाबरून संगणक दुकानात न्यायची गरज नाही. बहुतेक वेळा निकाल किंवा सिनेमा शोधताना एखाद्या साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागितलेली असते आणि कुणीतरी अलाउ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथं परवानगी मिळालेल्या साइटींची यादी असते. अनोळखी नावं काढून टाका, चौकटी थांबतात.

याचाच मोठा भाऊ म्हणजे पूर्ण पडदा व्यापून मोठ्या आवाजात इशारा देणारं आणि मायक्रोसॉफ्टच्या नावानं फोन नंबर दाखवणारं पान. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही. एस्केपची कळ दाबून धरा. तरी जात नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. त्या नंबरवर फोन करून कुणाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरनं आत घेतलं असेल, तर मात्र तो खरा प्रसंग समजून पुढचं सगळं करा.

खरोखर शिरलं असेल तर

आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद, फोनचा हॉटस्पॉट बंद. त्या संगणकावरून बँक, ईमेल काही उघडू नका. पडद्यावर काही संदेश असेल तर फोननं फोटो काढून ठेवा, तक्रार करताना लागतो.

मग विंडोज सिक्युरिटी उघडा. त्यातला डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो आणि घरच्या वापराला चांगला आहे. तिथं दोन गोष्टी बघा. एक, हे सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते का. कंपनीच्या संगणकावर ती असणारच, पण घरच्या संगणकावर ती दिसली आणि डिफेंडर चालू होत नसेल तर मालवेअरनं किंवा ॲक्टिव्हेटरनं तो बंद केल्याचा दाट संशय घ्यावा. दुसरं, एक्सक्लूजन्सची यादी. डिफेंडरनं जिकडं बघायचंच नाही अशा जागा तिथं लिहिलेल्या असतात. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर तुम्ही न टाकता तिथं दिसत असेल तर तो काढून टाका. या यादीकडं दुकानातही क्वचितच कुणी बघतं, आणि ती तशीच राहिली तर शंभर वेळा स्कॅन करूनही काही सापडत नाही.

डिफेंडरकडची व्हायरसची यादी ताजी करण्यापुरतं इंटरनेट थोडा वेळ जोडा, अपडेट घ्या, पुन्हा तोडा. मग स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन करा. संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळं चालू विंडोजमध्ये लपून बसणारं मालवेअरही हाती लागतं. पाव तास लागतो, जुन्या संगणकाला जास्त. वीज जाण्याची वेळ टाळा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा. त्यानंतर एक फुल स्कॅन. इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावून बघा, तक्रार सुरू झाली त्या दिवसांत आलेली अनोळखी नावं काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही तपासा.

आणखी एक मत हवं असेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इननं 21 फेब्रुवारी 2017 रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साफसफाईची साधनं मिळतात. पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांनी ती दिलेली आहेत. कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या व्यवसायातून सुरुवात करून ही कंपनी उभी केली. विकतचं अँटिव्हायरस घेतलं तरी हरकत नाही, पण दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका आणि मुदत संपलेलं तसंच सोडू नका. नूतनीकरण करा, नाहीतर काढून टाका म्हणजे डिफेंडर कामाला लागतो.

साफ झाल्यावर, किंवा झालं की नाही अशी शंका असताना तर नक्कीच, पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, म्हणजे बहुधा फोनवरून. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. ईमेल पहिलं, कारण इतर सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. आजचं चोरटं मालवेअर पासवर्डबरोबर ब्राउझरची चालू सत्रंही नेतं, म्हणून गूगल खात्यातल्या युवर डिव्हायसेसमध्ये जाऊन अनोळखी आणि जुनी यंत्रं साइन आउट करा आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

फाइलींची नावं बदलून त्यांच्या शेवटी भलतीच अक्षरं आली आणि फोल्डरांमध्ये रीडमी नावाची फाइल दिसू लागली तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारं मालवेअर. घरच्या संगणकांवर क्रॅक सॉफ्टवेअरमधून येणारं स्टॉप-डीजेव्हीयू त्यात फार आढळतं. त्याच्या रीडमीच्या चिठ्ठीत वर्षानुवर्षं 980 डॉलर मागितलेले आणि 72 तासांत संपर्क केला तर 490, असं लिहिलेलं असायचं. पैसे देऊ नका. दिले म्हणजे फाइली मिळतीलच असं नाही. नो मोअर रॅन्सम हा उपक्रम 2016 मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि मॅकॲफी यांनी सुरू केला. त्याच्या साइटवर बिघडलेली एखादी फाइल आणि चिठ्ठी चढवली की जात ओळखता येते आणि कुलूप उघडणारं साधन असेल तर फुकट मिळतं. डीजेव्हीयूच्या कित्येक जुन्या प्रकारांवर एम्सीसॉफ्ट कंपनीनं 2019 मध्ये असं साधन काढलं. आज उपाय नसला तरी त्या फाइली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा, पुढं कधी चाव्या हाती लागतात. मालवेअर काढण्याआधी फाइली सोडवायला बसू नका. आणि हे होण्याआधीच विंडोज सिक्युरिटीतल्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू करून ठेवा. ते आपोआप चालू नसतं.

खातं उघडत नाही तेव्हा

पासवर्ड बरोबर आहे आणि तरी घेत नाही, ही तक्रार मराठी कीबोर्ड जोडलेल्या संगणकावर हमखास येते. साइन इनच्या पडद्यावर उजवीकडं खाली मराठी निवडलेली असते आणि पासवर्डच्या ठिपक्यांमुळं काय उमटतंय ते कळत नाही. ती इंग्रजी करा. कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरलं की अक्षरं दिसतात. पुष्कळदा प्रश्न इथंच सुटतो.

खरंच विसरला असाल आणि खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल तर फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर पासवर्ड बदला. घरच्या स्थानिक खात्यात सुरक्षा प्रश्नांची उत्तरं दिली की नवीन पासवर्ड ठेवता येतो. स्टँडर्ड खात्याचा पासवर्ड घरप्रमुखाच्या खात्यातूनही बदलता येतो, आणि खाती वेगळी असण्याचा हा आणखी एक फायदा. घरप्रमुखाचा पासवर्ड कागदावर लिहून शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवायला मी नेहमी सांगतो. इंटरनेटवरचा चोर तुमच्या ट्रंकेत हात घालू शकत नाही.

गूगलचं खातं गेलं असेल तर नेटकॅफेत जाऊन किंवा मित्राच्या फोनवरून प्रयत्न करू नका. नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या जागेवरून केलेला अर्ज गूगल जास्त विश्वासानं बघते. आणि खात्याला जोडलेला फोन नंबर आजच तपासा. शिक्षणाला पुण्याला गेलेल्या मुलाचं जुनं सिम बंद पडलं आणि तो नंबर खात्याला तसाच राहिला तर धोका आहे. बंद नंबर 90 दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडं जातो. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसूनही टाकू शकते, तेव्हा कागदपत्रांचं म्हणून काढलेल्या ईमेलमध्ये अधूनमधून शिरत जा.

एकदम वीज गेल्यावर संगणक चालू केला तर कधी कधी डेस्कटॉप कोरा दिसतो आणि तुम्ही टेम्पररी प्रोफाइलनं आत आला आहात, असा संदेश येतो. फाइली गेलेल्या नसतात. त्या कोऱ्या डेस्कटॉपवर मात्र काही जतन करू नका, साइन आउट झालं की ते पुसलं जातं. एक-दोनदा रीस्टार्ट करून बघा. सुधारलं नाही तर घरप्रमुखाच्या खात्यातून नवीन खातं काढा आणि सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरात तुमच्या नावाचा जुना फोल्डर असतो, त्यातलं डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप नव्यात कॉपी करा. एवढ्यासाठी फॉरमॅट मारून घेतलेली घरं आहेत, आणि त्यांचे फोटो कायमचे गेले.

निळ्या पडद्यावर बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची 48 आकडी चावी मागितली गेली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या पानावर जतन असण्याची शक्यता असते. नवीन लॅपटॉपवर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं. चावी कुठंच नसेल तर फाइली परत मिळत नाहीत. म्हणून लॅपटॉप नवा असतानाच ती लिहून घ्या.

दुरुस्तीला देताना

फॉरमॅट करावंच लागतं अशा वेळा येतात. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगा की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केल्याशिवाय हात लावू नका. आणि ॲक्टिव्हेटर टाकू नका, हे स्पष्ट सांगा. विंडोज 8 नंतरच्या, विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपची परवान्याची चावी त्याच्या आतच असते. त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा घातलं आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप चालू होतं. चोरीचं विंडोज मारायची तिथं गरजच नसते. रिसेट धिस पीसी हा पर्याय सेटिंग्जमध्ये आहेच, आणि क्लाउड डाउनलोड निवडलं तर तो मायक्रोसॉफ्टकडून ताजी प्रत आणतो. साधारण 4 जीबी डेटा जातो, त्यामुळं रोजच्या फोनच्या पॅकवर ते जमणं कठीण. ज्यांच्याकडं ब्रॉडबँड आहे त्यांच्या घरी नेऊन करा.

विंडोज 10 ची नियमित अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. घरच्या वापरकर्त्यांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात, त्याची नोंदणी सेटिंग्जच्या विंडोज अपडेटमध्ये होते. जुन्या आय-थ्री संगणकांवर विंडोज 11 बसत नाही. असा संगणक फक्त अभ्यास, टायपिंग आणि व्हिडिओसाठी असेल तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून बघावं. मराठी त्यातही चालते. पैशांचं काम मात्र अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नका. डेटा वाचवायला मीटर्ड कनेक्शन चालू केलेलं असेल तर आठवड्यातून एकदा ते बंद करून अपडेट घ्या. वॉनाक्राय 12 मे 2017 ला आलं, त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेला होता.

पैसे गेले असतील तर

1930 वर लगेच फोन करा, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती अडवण्याची संधी तेवढ्याच वेळात असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर त्याचा भार ग्राहकावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळं लाज वाटून थांबू नका. कळवल्याची वेळ, तक्रार क्रमांक, खात्याचं विवरण आणि पडद्याचे काढलेले फोटो एकत्र ठेवा, आणि तपास संपेपर्यंत तो संगणक फॉरमॅट करू नका.